गेटवरचे घुडे

आमच्या कॉम्प्लेक्सचं नाव इंग्रजी आहे आणि बिल्डर सोडला तर ते कुणालाच धड उच्चारता येत नाही. रिक्षावाल्याला आम्ही 'चिखलोलीचे सात टॉवर' एवढंच सांगतो. हे टॉवर उभे राहायच्या आधी इथे भरदुपारी रानडुकरं रस्ता ओलांडायची आणि ट्रकवाले थांबून त्यांना आधी जाऊ द्यायचे, असं मी नव्या भाडेकरूंना सांगतो. डुकरांच्या बाबतीत थोडी भर घालतो. ट्रक खरे आहेत. या सात टॉवरांना मिळून एकच गेट, आणि त्या गेटवर सहा वर्षं काशिनाथ घुडे उभे होते. उभे म्हणजे उभेच. केबिनमध्ये खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची टोपी बसायची.

या माणसाचा मी जितका हेवा केला तितका सख्ख्या भावाचाही केला नाही, आणि भावाचा ठाण्याला बंगला आहे.

आता कुणी म्हणेल, सोसायटीच्या सेक्रेटरीने वॉचमनचा कसला हेवा करायचा? तर ऐका. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळत म्हातारा झालो, निवृत्त झालो, आणि दुसऱ्याच महिन्यात सेक्रेटरी झालो. बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. गणपतीच्या मांडवात मी किस्सा सांगायला घेतला की आरती मागे पडायची. एका वर्षी तर इतकी मागे पडली की नैवेद्याच्या मोदकांना वाट बघून मुंग्या लागल्या. घुडे मात्र दिवसाला मोजून चाळीस शब्द बोलायचे, आणि त्यातले निम्मे 'नमस्कार'. असं असूनही संध्याकाळी माणसं माझ्या बाकावरून उठायची आणि त्यांच्या केबिनपाशी जाऊन उभी राहायची. मी दहाचे शंभर करून सांगणार, आणि हे लोक दहाचे दहाच ठेवणाऱ्याकडे जाणार. जीव जळणार नाही तर काय होणार?

माणूस दिसायला काहीच नव्हता. मुरबाडच्या वाटेवरच्या कुठल्याशा गावचा, थोडी भातशेती भावाच्या हवाली करून आलेला. अंगाने काडी. कानांवर केस. शर्टाच्या खिशाला दोरीने बांधलेलं पेन, कारण सुटं पेन ठोंबरे घेऊन जायचे. हे ठोंबरे पाचव्या मजल्यावरचे. ते पुढे येतीलच. घुडे स्कूटर आवाजावरून ओळखायचे आणि माणूस चालीवरून. आमचे चेअरमन दळवी, त्यांचा मुलगा तीन वर्षांनी कॅनडाहून आला. दाढी छातीपर्यंत, वजन दुप्पट. लिफ्टमधून बाहेर आला तेव्हा सख्ख्या आईने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" पण घुड्यांनी त्याला रस्त्याच्या पलीकडूनच ओळखलं होतं. "दळवींचा बारका. दाढी नवीन हाये, चाल तीच हाये."

तरी हे सगळं मी सोसलं असतं. सोसलं गेलं नाही ते त्यांचं रजिस्टर.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट, वेळ असे रकाने असतात आणि शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. जगातला कुठलाही वॉचमन तो भरत नाही. घुडे भरायचे, मुंगीएवढ्या अक्षरात. 'कुरियर. खोका मोठा, वजन काही नाही.' 'तीनशे चारचा जावई. पेढे. आत जाताना हसत होता.' 'पांढरी गाडी. मागे एक बाई रडत होती. विचारलं नाही.' बस. पुढे काही नाही. त्या बाईचं काय झालं हे आठवडाभर अख्खी सोसायटी एकमेकांना विचारत होती. मी बाकावर बसून तिच्या तीन वेगवेगळ्या कहाण्या सांगितल्या, एकीत तर परदेशातला नवरासुद्धा होता. लोकांनी ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "पण घुडेमामांनी काय लिहिलंय, 'विचारलं नाही.' काय माणूस आहे."

दळवी रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली यायचे आणि पेपर वाचावा तसं रजिस्टर वाचायचे. त्याच वर्षी मी बावीस पानांचा वार्षिक अहवाल लिहिला होता. त्यातलं पाण्याच्या टाकीचं वर्णन इतकं हृद्य होतं की टाईप करताना मलाच भरून आलं. तो अहवाल ठोंबऱ्यांच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

गेटच्या कोडची भानगड याच ठोंबऱ्यांपासून सुरू झाली. तेव्हा मोठ्या गेटला लागून असलेल्या, पायी येणाऱ्यांच्या छोट्या गेटला आकड्यांचं बटण-पॅड होतं. चार आकडे दाबले की दार उघडायचं. मीच बसवून घेतलं होतं. उद्घाटनाला फीत कापली होती आणि भाषण केलं होतं. कोड फक्त रहिवाशांना, कुणालाही सांगायचा नाही, हे मी जिन्याजिन्यात लिहून लावलं. मग ठोंबऱ्यांची वास्तुशांत निघाली. पत्रिका आली. वर गणपती, खाली 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे', त्याखाली आहेर स्वीकारले जाणार नाहीत, आणि त्याखाली, सुबक महिरपीत, 'गेट कोड : ४४२१'.

मी पत्रिका घेऊन वर गेलो. "ठोंबरे, हे काय?"

"काय म्हणजे? पाहुणे उन्हात ताटकळायला नकोत. हिने सुचवलं."

बरं, पत्रिका उल्हासनगरला छापलेली. छापखानेवाल्याला ती इतकी आवडली की त्याने ती नमुन्यांच्या आल्बममध्ये पहिल्या पानावर चिकटवली. पुढचे दोन महिने ज्याच्या ज्याच्या घरी कार्य होतं, त्या प्रत्येकाने आमचा कोड वाचला. एके दिवशी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन एक सिंधी व्यापारी थेट सातव्या मजल्यावर माझ्या दारात. मी म्हटलं, आत कसे आलात? तो उलट माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "साईं, कोड तो कार्ड पे छपा है." टॉवेल चांगले निघाले, चार घेतले, तो भाग वेगळा. मी तातडीने कोड बदलला. ठोंबऱ्यांनी तितक्याच तातडीने तो सगळ्या निमंत्रितांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवला. 'कोड बदलला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पुढे हात जोडल्याचं चित्र.

कमिटीची बैठक भरली. मी दीड तास बोललो. घुडे दारात उभे होते, रजिस्टर काखेत. दळवींनी सहज विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?"

"आकडा कुणीपण पाठ करतो साहेब," घुडे म्हणाले. "पाहुण्याला घरचं काहीतरी विचारावं. खरा पाहुणा असला तर त्याला ठाऊक असतंय."

दीड तासाचं माझं भाषण एका बाजूला आणि ही दोन-तीन वाक्यं एका बाजूला. टाळ्या त्यांना.

मग प्रश्नवही आली. प्रत्येक घराने एक प्रश्न द्यायचा, आपल्या माणसांनाच उत्तर येईल असा. घुड्यांनी शंभर पानी वहीत फ्लॅटवार प्रश्न उतरवून घेतले. दळवींचा प्रश्न, 'आजोबांचं ऐकायचं मशीन कुठल्या कानात?' ठोंबऱ्यांचा, 'बाथरूमचा कुठला नळ उलटा फिरतो?' वहीत फक्त प्रश्न. मी विचारलं, "आणि उत्तरं कुठे लिहिली?"

"लिहिली की आकडाच झाला की साहेब."

उत्तरं सगळी त्यांच्या डोक्यात. सात टॉवर, प्रत्येकी सात मजले, आणि या काडीच्या माणसाला आमच्या प्रत्येक घराचा उलटा नळ माहीत. रात्रपाळीचे गार्ड इंटरकॉमवर विचारून सोडायचे. पण दिवसा गेट म्हणजे घुडे. पाहुणे आधी चिडले, मग त्यांना गोडी लागली. लोक येण्याआधी घरी फोन करून अभ्यास करू लागले. एक मावशी सांगली सोडल्यापासून 'डावा कान, डावा कान' असं पुटपुटत आल्या आणि गेटवर म्हणाल्या 'उजवा'. हे मात्र अगदी खरं आहे, मी स्वतः तिथे होतो.

मी तिथे असायचोच. गाड्या अडवणारा दांडा, म्हणजे बूम, नीट वर-खाली होतो का ते बघायला, असं सांगायचो. खरं म्हणजे तिथे काय मजा चालली आहे ती माझ्यावाचून चालू नये म्हणून. म्हणून तर शिंद्यांच्या मृणालला बघायला हेंद्रेपाड्याहून मंडळी आली तेव्हा मी गाडीपासून चार हातांवर होतो. पुढे मुलाचे वडील, मागे आई आणि मुलगा, नव्या शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. दोन्ही घरांची ही पहिलीच भेट. घुडे खिडकीशी वाकले.

"शिंद्यांचा प्रश्न हाये. मुलगी पानात कुठली भाजी टाकते?"

"अहो, आम्ही आज पहिल्यांदा येतोय," मुलाचे वडील म्हणाले. "मुलगी अजून पाहिलीसुद्धा नाही. आम्हाला कसं ठाऊक असणार?"

मागून आवाज आला, "पडवळ."

गाडीतला एसीसुद्धा थांबला. आईने मान वळवून मुलाकडे पाहिलं, ती इतकी सावकाश वळली की मला वाटलं मध्येच अडकते की काय.

"बरोबर हाये," म्हणून घुड्यांनी बूम वर केला.

लग्न झालं. व्हायचंच होतं, त्यांचं दोन वर्षांपासून ठरलेलं. मी तो किस्सा महिनाभर सांगितला. माझ्या किश्शात आई बेशुद्ध पडायची आणि मुलगा डिकीतून पळायचा प्रयत्न करायचा. एकदा ऐन रंगात आलो असताना दळवी म्हणाले, "तुमचं राहू द्या हो सेक्रेटरी. मामांचा शेरा वाचलात का?" आणि त्यांनी तो पाठ म्हणून दाखवला. 'मुलगा. उत्तर पाठ होतं. आईला नवीन होतं.' सगळे खो खो हसले. त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे एक पोळी कमी खाल्ली.

त्यातून आमची सुनंदा. लग्नाला तेहतीस वर्षं झालेली बायको, पण माझा किस्सा सुरू झाला की हिला गॅसवर काहीतरी आठवायचं. आणि गेटवर? भाजी घेऊन आली की दहा मिनिटं घुड्यांशी. त्यांच्या सुनेचं, म्हशीचं, हिच्या शिवणाच्या क्लासचं. "घुडेभाऊ म्हणत होते," हे वाक्य मी जेवताना ऐकायचो, चहा पिताना ऐकायचो. एकदा मी म्हटलं, "तुझे घुडेभाऊ दिवसाला चाळीस शब्द बोलतात. त्यातले पस्तीस तुझ्याशीच का?" ती म्हणाली, "ते ऐकतात."

दुसऱ्या दिवशी मी परिपत्रक काढलं.

वरवर ते सुरक्षेचं होतं. मी नवीन अ‍ॅप आणलं होतं, त्यात प्रत्येक रहिवाशाच्या फोनवर रोज वेगळा कोड येतो. परिपत्रकात मी सहा कलमं लिहिली. गेटवरची ओळख हा पुरावा धरला जाणार नाही. रहिवाशानेही कोड दाखवलाच पाहिजे. कोड नसेल तर पाहुण्यासारखाच घरचा प्रश्न विचारावा, मग तो कुणीही असो. सहावं कलम, उत्तर एकदाच द्यायचं. मनात हिशेब सरळ होता: चाल बघून माणूस ओळखतात ना, मग बघू आता चालीचं काय लोणचं घालतात. घुड्यांनी परिपत्रक वाचलं, दोनदा वाचलं, म्हणाले, "चालेल," आणि केबिनच्या काचेवर चिकटवलं.

मेमधली गोष्ट. ऊन असं की गेटचा बूम मऊ होऊन मधोमध झोपाळ्यासारखा वाकला होता. माझा फोन बिघडला म्हणून मी उल्हासनगरला कॅम्पातल्या दुकानात दुरुस्तीला टाकून आलो. दुकानदार म्हणाला, "साईं, कल ले जाना." रिक्षाने मला दुपारी दीडला गेटवर सोडलं.

"कोड, साहेब?"

"फोन दुरुस्तीला टाकलाय हो. उद्या मिळेल. उघडा."

"मग प्रश्न विचारायला लागंल."

"मला?"

"तुमीच लिवलंय. मग तो कुणीही असो." त्यांनी काचेकडे बोट केलं. आवाजात टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण नव्हता. परिपत्रकावर खाली माझी सही होती, मी ती नेहमी मोठी करतो.

"विचारा."

उत्तरासारखाच प्रश्नही त्यांना पाठ होता, तरी त्यांनी वही उघडली, पान काढलं. "सातशे दोन. ताई भाजी कुठल्या हाताने चिरतात?"

मला हसू आलं. तेहतीस वर्षं त्या हातची भाजी खाल्लेला माणूस मी. "कुठल्या म्हणजे? उजव्या. सगळं जग चिरतं तशी."

"नाय, साहेब."

माणसाला हात दोनच असतात. शाळेतला ढ मुलगासुद्धा चूक-बरोबरच्या प्रश्नात निम्मे मार्क काढतो. मी म्हटलं, "मग डाव्या."

 घुडे नुसते सहाव्या कलमाकडे बघत राहिले, आणि मीही बघत राहिलो.

सुनंदा शिरगावला क्लासला गेलेली. इंटरकॉम वाजून वाजून थकला. घुड्यांनी केबिनमधली खुर्ची बाहेर आणली, तिच्यावरची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि ती खुर्ची माझ्यासाठी भिंतीच्या कडेला ठेवली. त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं. आणि स्वतः माझ्या नि उन्हाच्या मध्ये उभे राहिले. काडीएवढ्या माणसाची सावली ती केवढी असणार, एका कानाला पुरली. ठोंबऱ्यांची गाडी आली, काच खाली झाली. "काय सेक्रेटरी, आज इथे?" मी म्हटलं, "पाहणी चालू आहे." ठोंबरे म्हणाले, "बसून?"

तासाभराने सुनंदा आली. भाजीची पिशवी, छत्री, कपाळावर घाम. मला बघून थबकली. "अहो, तुम्ही इथे का बसलात?"

माझं तोंड उघडं पडलं, पण त्यातून काही निघेना. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा घुडे म्हणाले, "आत्ताच आले ताई. बूम अडकला होता. मीच म्हटलं बसा."

तिने स्वतःचा कोड दाखवला आणि आम्ही वर गेलो. मी पाणी प्यायलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिने भेंडी धुतली, पुसली, विळी नाही, सुरी घेतली. डाव्या हातात.

"तू डावखुरी कधीपासून?"

"जन्मापासून." सुरी थांबली नाही. "डाव्या हाताने जेवले की आई फटका द्यायची, म्हणून जेवते उजव्याने. लिहायचंही तसंच. सुरीकडे कुणी बघत नव्हतं."

"आणि घुड्यांना कसं माहीत?"

"मागच्या उन्हाळ्यात गेटवरच्या सगळ्यांना कलिंगड कापून दिलं होतं ना मी. दुसरी फोड कापत होते तर ते म्हणाले, ताई, डावऱ्या का तुम्ही? प्रश्न द्यायची वेळ आली तेव्हा मला तेच आठवलं. म्हटलं, माझ्या माहेरच्या सगळ्यांना येईल." मग जरा थांबून म्हणाली, "का हो?"

"काही नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दळवी खाली यायच्या आधी मी केबिन गाठली आणि रजिस्टर उघडलं. 'सातशे दोन. साहेब. दुपारी दीड. बूम अडकला होता.' त्याच मुंगीएवढ्या अक्षरात. ज्या रजिस्टरात सहा वर्षांत एक अक्षर खोटं नव्हतं, त्यात माझ्यासाठी एक ओळ खोटी होती. मी उभ्या जन्मात हजारो थापा मारल्या असतील. इतकी स्वच्छ, इतकी छोटी थाप मला एकदाही जमलेली नाही. एखाद्याला यावर कृतज्ञता वाटली असती. मला वाटलं, हेसुद्धा याला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

त्यानंतर मला गेटवरून जाता येईना. ते नेहमीसारखं "नमस्कार साहेब" म्हणायचे, आणि मला ऐकू यायचं, नाय, साहेब. पावसाळा संपता संपता मी सर्वसाधारण सभेत ठराव आणला. नवीन एजन्सी, गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा, पाहुण्यांसाठी अ‍ॅप, प्रश्नवही बंद. जुने दिवसपाळीचे गार्ड कमी. जुने म्हणजे घुडे, हे क्लबहाउसमधल्या प्रत्येकाला कळलं. मी मुद्दा बिनतोड मांडला: एवढ्या घरांची उत्तरं एका माणसाच्या डोक्यात, उद्या तो आजारी पडला तर? कुणाला खोडता आला नाही. मुद्दा खराच होता, हीच त्यातली वाईट गोष्ट.

घुडे दारात उभे होते, हजेरीची यादी घेऊन. दळवी अस्वस्थ झाले. "मामा, तुम्हाला काही बोलायचंय?"

 सेक्रेटरीसाहेबांना स्वतःच्या घरचा प्रश्न आला नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ठराव तर गेलाच असता, आणि मला बाकावर बसून पुन्हा किस्सा सांगायची सोय राहिली नसती. घुड्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गेट सोसायटीचं हाये," ते म्हणाले. "नाय बोलायचं काय."

मग हात वर झाले. आमच्या फ्लॅटवर सुनंदाचं नाव पहिलं आहे, त्यामुळे मत तिचं. मी नुसता बोलायचा धनी. बाजूने किती हात, ते मोजत मी उभा होतो. विरोधात विचारल्यावर पहिल्या रांगेतून पहिला हात वर गेला तो माझ्या बायकोचा. डावा. आता मला असल्या गोष्टी दिसू लागल्या होत्या. ठराव चार मतांनी पास झाला. घरी येताना लिफ्टमध्ये सात मजले आम्ही दोघं आकड्यांकडे बघत होतो.

महिनाअखेरीला घुड्यांनी टोपी, शिट्टी, चाव्या आणि प्रश्नवही माझ्या हातात दिली. मी वही चाळली. "उत्तरं?"

"ती ज्याच्या त्याच्या घरी हायेत, साहेब," म्हणाले, आणि मुरबाडच्या गाडीला गेले.

नवीन व्यवस्था सुरळीत चालली. कॅमेरा दळवींकडच्या आजोबांना कवळी काढली की ओळखत नाही, पण ते किरकोळ. मला वाटलं होतं, केबिनपाशी जमणारी माणसं आता परत माझ्या बाकावर येतील. कुणी आलं नाही. गेटवर थांबायचं कारणच उरलं नव्हतं. चेहरा दाखवायचा आणि सरळ लिफ्ट गाठायची. संध्याकाळी मी बाकावर एकटा असतो. परवा एका कुत्र्याला रानडुकरांचं सांगितलं, तर तोही उठून गेला.

नऊ-दहा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, फोन वाजला. अ‍ॅपवर फोटो: कॅमेऱ्याकडे नको तितकं सरळ बघणारे घुडे, पांढरा शर्ट, हातात पिशवी. खाली लिहिलेलं, पाहुणा एक, आणि दोन बटणं. हिरवं, परवानगी द्या. लाल, नाकारा.

खोटं कशाला बोलू, मी लाल दाबणार नव्हतो. पण हिरवंही लगेच दाबलं नाही. गेटवर ते बाहेर आणि निर्णय माझ्या अंगठ्यात, असं पहिल्यांदाच झालं होतं. जरा चव घेत होतो. तेवढ्यात स्क्रीनवर उमटलं, आपल्या घरातून परवानगी देण्यात आली आहे. अ‍ॅपवर दुसरा नंबर सुनंदाचा आहे. ती पायात चप्पल सरकवत दाराशी पोचलीही होती.

"ते येतील की वर," मी म्हटलं. "परवानगी दिलीस ना?"

"मी आणते त्यांना."

तेहतीस काय, आता चौतीस वर्षं मी बाहेरून घरी येतोय. मला घ्यायला ती एकदाही खाली आलेली नाही.

मी बाल्कनीत गेलो. सातव्या मजल्यावरून माणसं काडेपेटीएवढी दिसतात, पण ही दोन मला स्पष्ट दिसत होती. छोट्या गेटच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत. घुडे आत आलेच नाहीत. नातीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला आले होते, सुनंदाने नंतर सांगितलं, आणि गाडी पकडायची होती. अर्धा तास उभे होते, तरी गाडी पकडायची होती. मी विचारलं, एवढं काय बोलत होता? ती म्हणाली, "भात, नात. तुमचंही विचारलं. साहेब अजून गोष्टी सांगतात का, म्हणाले. मला त्या गेटवरून ऐकू यायच्या, म्हणाले, मजा यायची."

पण हे नंतरचं. तेव्हा मी बाल्कनीत होतो आणि मला नुसते हातवारे दिसत होते. त्यांनी पिशवीतून काहीतरी काढून तिला दिलं. ती हसली, हसताना तिने मान मागे टाकली. मग ती आत वळली आणि हातातलं सांभाळत लिफ्टकडे निघाली. छोटं गेट तिच्या मागे उघडंच राहिलं. नवा गार्ड केबिनमध्ये खुर्चीवर होता, त्याने मान वर केली नाही.

घुडे दोन पावलं रस्त्याकडे गेले, थांबले, परत आले. त्या गेटला बाहेरून कडी नाही. त्यांनी दार ओढून घेतलं, जाळीतून हात आत घातला, आतली कडी चाचपून सरकवली, दार एकदा हलवून पाहिलं, आणि गेले.